मातीची साक्ष

सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत व बदलापूर या गावांजवळून वाहत कल्याणच्या खाडीस मिळते. तिच्या आणि वालधुनी या तिच्या लहानशा उपनदीच्या परिसरात बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही तीन शहरे वसली आहेत. आगगाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला तेथे उंच इमारती, कारखाने आणि माणसांची गर्दी दिसते. ही वस्ती अलीकडची आहे, असेच त्याला वाटते. परंतु ज्या भूमीवर ही शहरे उभी आहेत, ती भूमी फार जुनी आहे. तिच्यावरून किती पिढ्या चालत गेल्या याची गणती करणे कठीण.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण बंदराचा उल्लेख आढळतो. त्या काळी कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटासारख्या वाटांनी जुन्नरकडे जात असे. पुढे या प्रदेशावर शिलाहार राजांनी राज्य केले. वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर ही त्या काळाची खूण होय. त्यानंतर अनेक सत्ता आल्या व गेल्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी उभी राहिली. सन १९४७ च्या फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या हजारो सिंधी कुटुंबांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. दि. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. तेच आजचे उल्हासनगर.

व्यापारी, यात्रेकरू, शिपाई, शेतकरी, निर्वासित असे नाना प्रकारचे लोक ज्या भूमीवर राहिले, त्या भूमीत त्यांच्या काही वस्तू राहून गेल्या असल्यास नवल नाही. कोणाच्या कनवटीचे नाणे गळून पडते, कोणाच्या हातचे कडे हरवते, कोणाच्या गणवेशाचे पितळी बटण तुटून मातीत जाते. काही द्रव्य मात्र लोक जाणूनबुजून पुरून ठेवीत. पूर्वी पेढ्या होत्या, पण त्या मोठ्या गावांत. खेड्यातील माणसाची तिजोरी म्हणजे त्याच्या घरची जमीन. चोरीचे भय, परचक्र, दुष्काळ किंवा दूरचा प्रवास यांपैकी एखादे संकट समोर दिसले, की तो आपली पुंजी मडक्यात किंवा तांब्यात घालून जमिनीत पुरीत असे. संकट टळल्यावर परत येऊन ती उकरून काढावी, हा त्याचा हेतू. सर्वांनाच परत येता आले नाही. ज्यांना आले नाही, त्यांचे द्रव्य तेथेच राहिले. अशा द्रव्याला आपण गुप्तधन म्हणतो. प्रत्येक गुप्तधनाच्या मागे न परतलेल्या कोणा माणसाची कहाणी असते, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

गुप्तधनाची आशा माणसाला वेडे करते. त्या आशेने लोकांनी जुनी देवळे उकरली, गडांच्या भिंती फोडल्या आणि भोंदू मांत्रिकांच्या नादी लागून भयंकर कृत्येही केली. गुप्तधनाच्या निमित्ताने अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. आता मांत्रिकाच्या जागी यंत्र आले आहे. त्या यंत्राचे नाव धातुशोधक, म्हणजेच मेटल डिटेक्टर.

या यंत्रात जादू काहीच नाही. एका लांब दांड्याच्या टोकाला तबकडी असते आणि तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. तबकडी जमिनीलगत फिरविताना खाली धातूचा तुकडा असेल, तर त्या तुकड्यात भोवऱ्यासारखे लहान विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते आणि यंत्र आवाज करते. सन १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या शरीरातील गोळीचा शोध घेण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे यंत्र वापरून पाहिले होते. त्यात त्यांना यश आले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हाती धरून चालविता येईल असे यंत्र सिद्ध केले. प्राण वाचविण्यासाठी निघालेले हे साधन युद्धानंतर जुनी नाणी शोधणाऱ्या हौशी लोकांच्या हाती गेले.

हे यंत्र फार थोडे सांगते. येथे धातू आहे, एवढेच त्याला कळते. तो धातू सातवाहन राजाचे नाणे आहे की सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण, हे त्याला नीट सांगता येत नाही. त्या वस्तूच्या शेजारी खापराचा तुकडा होता काय, जळालेल्या धान्याचे दाणे होते काय, चुलीची राख होती काय, यांविषयी तर ते मुकेच असते. आणि इतिहासाचा शोध घेणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

असे का, हे समजण्यासाठी महाराष्ट्रात सापडलेल्या तीन ठेव्यांची हकिकत पाहू.

पहिला ठेवा नाशिकजवळच्या जोगलटेंभी या गावचा. सन १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा हाती आला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती सारी क्षहरात वंशातील नहपान या क्षत्रप राजाची. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एक ठसा मारलेला आढळला. तो ठसा होता सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यातील लेखात कोरलेले आहे. मातेने पुत्राची केलेली ही स्तुती कितपत खरी, असा प्रश्न एखाद्याच्या मनात आला असता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या स्तुतीला भक्कम पुरावा दिला. जिंकलेल्या राजाची नाणी विजेत्याने वितळविली नाहीत. त्यांवर आपली मुद्रा उमटवून ती तशीच चलनात ठेवली, हेही त्यांवरून कळले.

येथे थोडा विचार करा. ही तेरा हजार नाणी ज्यांना सापडली त्यांनी ती आपसांत वाटून घेतली असती, सोनाराकडे नेऊन त्यांचे दागिने केले असते किंवा एकेक करून दूरदूरच्या बाजारात विकली असती, तर काय झाले असते? एखाद्या संग्राहकाच्या पेटीत दोन ठशांचे एखादे नाणे राहिले असते. पण दर तीन नाण्यांपैकी दोन नाण्यांवर नवा ठसा होता, ही गोष्ट कोणालाच कळली नसती. चांदी तीच, वजन तेच. पण अर्थ नाहीसा झाला असता. साठा एकत्र राहिला, विद्वानांनी तो तपासला, म्हणूनच तो बोलू शकला.

दुसरा ठेवा दायमाबादचा. प्रवरा नदीच्या काठचे हे ठिकाण पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. सन १९७४ मध्ये तेथे झुडपाचे मूळ खणून काढीत असताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. त्या इतक्या सुंदर आहेत, की भारताच्या प्राचीन कलेचे नाव निघाले म्हणजे दायमाबादच्या रथाचे नाव निघतेच. त्या वितळविल्या गेल्या नाहीत, सरकारकडे आल्या, ही केवढी भाग्याची गोष्ट! तरीही एक रुखरुख राहून गेली. त्या वस्तू नेमक्या कोणत्या थरात होत्या, हे उत्खनन करणाऱ्या जाणकाराने डोळ्यांनी पाहिले नव्हते. पुढे सन १९७५ ते १९७९ या काळात डॉ. साळी यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्या वस्तू उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे अनेक विद्वान मानतात. काहींनी मात्र त्यांच्या धातूतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून या मताविषयी शंका घेतली. वस्तू समोर आहे, पण तिचे वय नि:संशय सांगता येत नाही. तिच्याभोवतीची माती बाजूला झाली, तेव्हाच तिच्या वयाचा दाखलाही हरवला. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. तो सरपणासाठी खणीत होता. पण जो जाणूनबुजून यंत्र घेऊन खणतो, त्याला ही सबब सांगता येणार नाही.

तिसरा ठेवा सोपाऱ्याचा. हे प्राचीन बंदर म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. तेथे एक मातीचा उंचवटा होता. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा काळजीपूर्वक खणला, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे दिसून आले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडा व त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझमूर्ती. करंड्यात एकात एक ठेवलेले आणखी करंडे होते आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात भिक्षापात्राचे समजले गेलेले मातीचे तुकडे व सोन्याची फुले होती. पेटीत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक नाणेही मिळाले. भगवानलालांनी प्रत्येक वस्तू कोठे होती याची नोंद केली. त्या नोंदीचा उपयोग पुढच्या अभ्यासकांना झाला. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती घडणीवरून त्यानंतर कित्येक शतकांच्या. यावरून अभ्यासकांनी असे अनुमान केले, की ती पेटी मधल्या काळात पुन्हा उघडली गेली असावी आणि कोणा श्रद्धाळूंनी त्या मूर्ती तिच्यात ठेवल्या असाव्यात. एका लहानशा नाण्याने व त्याच्या शेजाऱ्यांनी मिळून शेकडो वर्षांची हकिकत सांगितली. तेच नाणे कोणी यंत्राने हुडकून खिशात घातले असते, तर ते केवळ चांदीचा एक तुकडा ठरले असते.

भगवानलालांचा अंबरनाथशीही संबंध आला. तेथील शिवमंदिरात एक शिलालेख आहे. त्याचे वाचन प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केले. लेखातील शकवर्षाचा आकडा त्यांनी ७८२ असा वाचला. पुढे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलालांनी तो लेख पुन्हा तपासला, तेव्हा तो आकडा ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे निष्पन्न झाले. मंदिर शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातील ठरले. अक्षरे झिजलेली असली म्हणजे थोर विद्वानाच्याही वाचनात दोनशे वर्षांचे अंतर पडू शकते. ते दुरुस्त झाले, कारण शिला जागेवर होती. ती कोणी उचलून नेली असती, तर चूकही कायम राहिली असती. जतन केलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारता येतात; हरवलेल्या वस्तूला एकदाही विचारता येत नाही.

आता कोणी म्हणेल, “जमीन माझी, यंत्र माझे, खणण्याचे श्रम माझे; मग मिळालेले नाणे माझे का नव्हे?” हा प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. सन १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वास्तूत दडलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निखात निधी, अशी त्याची व्याख्या. अशा निधीची किंमत १० रुपयांहून अधिक असेल, तर तो ज्याला सापडला त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. काय सापडले, किती सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या दिवशी सापडले, या चार गोष्टी त्यात लिहावयाच्या. त्यानंतर निधी सरकारी खजिन्यात जमा करावयाचा किंवा तो हजर करण्याबद्दल जामीन द्यावयाचा. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून चौकशी करतात. मागील १०० वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजांनी तो निधी पुरला होता, असा दावा घेऊन कोणी पुढे आल्यास त्याचा विचार होतो. असा कोणी नसल्यास निधी बेवारस ठरतो. मग तो ज्याला सापडला त्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. दोघांनी आधी काही वेगळे ठरविले असेल, तर त्याप्रमाणे वाटणी होते.

निधी संग्रहालयात ठेवण्याजोगा वाटला, तर सरकार तो विकत घेऊ शकते. त्या वेळी धातूची जी किंमत होईल, तिच्या एक पंचमांश रक्कम अधिक द्यावी लागते. समजा, एका शेतात मिळालेल्या नाण्यांच्या चांदीची किंमत ५०,००० रुपये झाली. सरकार तीवर १०,००० रुपये अधिक, म्हणजे एकूण ६०,००० रुपये देईल. त्यांतील ४५,००० शोधणाऱ्याला व १५,००० शेतमालकाला मिळतील. सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, अशी ही तजवीज आहे. लपविणाऱ्याचे मात्र नुकसान होते. त्याचा वाटा तर जातोच, शिवाय त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या शेतात शिरून खणणे तर चोरपावलांचेच काम. अंबरनाथच्या मंदिरासारखे जे स्मारक शासनाने संरक्षित केले आहे, त्याच्या आवारात परवानगीवाचून खणणे हाही गुन्हा होय.

इंग्लंडमध्ये शेतमालकाच्या संमतीने धातुशोधक चालविण्याची हौस पुष्कळांना आहे. सन २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशर परगण्यातील एका शेतात अशाच एका हौशी माणसाला सोन्याचांदीच्या जुन्या वस्तू सापडू लागल्या. त्याने अधिकाऱ्यांना खबर दिली. मग पुरातत्त्वज्ञांनी ते शेत शास्त्रशुद्ध रीतीने खणले आणि साडेतीन हजारांहून अधिक वस्तू व तुकडे नोंदविले. त्या सर्वांची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली. ती रक्कम शोधणारा व शेतमालक यांना निम्मी निम्मी मिळाली, वस्तू संग्रहालयांना मिळाल्या, आणि सर्व जगाला त्यांची माहिती मिळाली. यंत्र वाईट नव्हे. ते चालविणाऱ्याची नीती काय आहे, यावर सारे अवलंबून असते.

बदलापूर व अंबरनाथ भागात आज भाताची खाचरे बुजवून इमारतींचे पाये खणले जात आहेत. जेसीबी एकेका दिवसात पुष्कळ माती उपसतो. त्या मातीत एखादे मडके असेल, गधैया नावाचे जाडसर चांदीचे नाणे असेल किंवा कोरीव दगड असेल. शिलाहार राजा छित्तराज याच्या नावाची गधैया पद्धतीची नाणी अभ्यासकांना ठाऊक आहेतच. असे काही दिसले तर तेथे कोणाचे डोळे उघडे आहेत, यावर त्या वस्तूचे भवितव्य ठरेल. कामावरचा मजूर, शेताचा मालक किंवा शाळेतून घरी जाणारा एखादा विद्यार्थी, कोणीही ती प्रथम पाहील.

पाहणाऱ्याने काय करावे? वस्तू ओढून काढू नये. चिंचेने किंवा राखेने घासून ती चकचकीत करू नये, कारण त्यामुळे अक्षरे पुसली जातात. जागेवर खूण करावी, जवळचे झाड, विहीर किंवा बांध यांपासून किती पावलांवर ती आहे ते लिहून ठेवावे, शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि जमिनीचा मालक, शिक्षक व तलाठी यांना सांगावे. तेथून खबर तहसीलदार व जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत पोहोचते. वस्तू काडतुसासारखी किंवा बाँबसारखी दिसली, तर मात्र तिला हातही न लावता दूर व्हावे व पोलिसांना कळवावे.

नाणे तिजोरीत गेले, तर एका घराचे होते. संग्रहालयात गेले, तर सर्वांचे होते. परंतु ते मातीत कोठे व कोणाच्या सोबतीने पडले होते, हे लिहून ठेविले तरच ते ज्ञान होते. मातीने शेकडो वर्षे सांभाळलेली साक्ष एका दिवसाच्या लोभाने पुसून टाकू नये, एवढे शहाणपण ज्याच्यापाशी आहे, तोच त्या भूमीचा खरा वारस होय.

स्वाध्याय

१. पूर्वीचे लोक द्रव्य जमिनीत का पुरून ठेवीत?
२. जोगलटेंभीची नाणी वाटली गेली असती, तर कोणती माहिती आपणांस मिळाली नसती?
३. दायमाबाद व सोपारा येथील ठेवे कसे मिळाले? त्या दोहोंतील फरक स्पष्ट करा.
४. ‘जतन केलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारता येतात’ हे विधान अंबरनाथच्या शिलालेखाच्या आधारे समजावून सांगा.
५. तुमच्या गावी विहीर खणताना जुनी नाणी सापडली आहेत अशी कल्पना करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा. पाठात सांगितलेल्या चारही गोष्टी पत्रात येऊ द्या.